लागत आहे

खाजामियाँ इनामदार, वय त्रेसष्ट,
कंट्रोलर, परभणी बसस्थानक, एकतीस वर्षं.
उजवा हात मांडीवर ठेवलेला. ठेवलेलाच.
मी कार्ड दाखवते : तांब्या.
ते बघतात, ओळखतात, डोळ्यांत तांब्या भरत जातो
पार काठापर्यंत,
आणि तोंड उघडतं तेव्हा रिकामं.

शब्द ओठांवर आहे, म्हणतो ना आपण,
तो ओठांपासून बराच लांब असतो.
आधी नुसती ओढ असते, तहानेसारखी, बिननावाची.
मग डाव्या कानशिलाच्या आत कुणीतरी उठतं,
अर्थाजोगा शब्द हुडकतं,
त्याचे ता, म्, ब्या सुटे करून ओळीनं लावतं,
टाळूला, ओठांना, छातीतल्या वाऱ्याला निरोप धाडतं,
आणि हे सगळं
पापणी दोनदा लवायच्या आत.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
बिनहाडाच्या जिभेला किती शिस्तीत चालावं लागतं
ते मला कॉलेजात कळलं नाही, इथं कळलं,
दवाखान्याच्या मागच्या खोलीत,
कूलरच्या घरघरीत.

अकरा सेकंद. मी मोजते.
"त... त... बोरी."
लगेच मान हलते. बोरी नव्हतं म्हणायचं.
चूक त्यांना माझ्याआधी ऐकू येते.
दारात उभा राहून बाहेर पडणारा शब्द तपासणारा
आतला तो एक माणूस अजून ड्युटीवर आहे.

एकदा सहज विचारलं, चाचा, जिंतूरची गाडी?
पाठ ताठ झाली.
"परभणीहून झरी, बोरीमार्गे जिंतूरकडे जाणारी गाडी
फलाट क्रमांक तीनवर लागत आहे."
एका दमात. कुठं अडखळणं नाही.
बाहेर केसपेपरच्या रांगेतल्या एका बाईनं
पिशवी उचलली.

रशीदबी म्हणाल्या, "देखो बाई,
घर में जिंदगीभर दखनी बोले.
मेरा नाम नै आता, बोरी आती."
हसल्या. मग नाही हसल्या.
मी समजावलं, घोकलेलं वेगळ्या वाटेनं येतं,
पाढे, शिव्या, दुआ, गाड्यांची नावं,
त्याला नव्यानं जुळवावं लागत नाही.
समजावणं सोपं असतं. माझं डोकं शाबूत आहे.

त्या मात्र एका बोरीत सगळं ऐकायला शिकल्यात.
बोरी खाली उतरली की चहा.
बोरी शेवटाला वर चढली
की सेलूहून लेकीचा फोन आला होता का.
दोनदा, घाईनं, म्हणजे न्हाणीकडं धरून न्यायचं.
ऐकणाराही अर्धं वाक्य आतल्या आत बोलत असतो
असं पुस्तकात होतं, मी अधोरेखित केलेलं.
त्या रात्री-अपरात्री उठून करायल्यात ते.

सातव्या आठवड्यात त्यांचा डावा हात धरून
मी टेबलावर ठोका दिला,
अक्षराला एक.
त्यांनी हात सोडवून घेतला.
स्वतःच दोन टिचक्या मारल्या,
फुंकर घातली, माइक चालू आहे का बघतात तशी.
"परभणीहून..."
थांबले.
मळलेली वाट सोडून
अंधारात कुणी पाय चाचपावा, तसं ते थांबणं.
"परभणीहून... घ... घरा... घराकडे जाणारी..."

गाडी आली नाही.
लागत आहे, तेही आलं नाही.
रशीदबींनी डबा पिशवीत टाकला. म्हणाल्या, "चलो."

मी कार्डावर लिहिलं, नवा शब्द, एक.
दारातून ते मागं वळले,
डाव्या बोटानं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.
"बोरी," म्हणाले. चिडून.

बघितलं मी.
चार मिनिटं मागं होतं.